पोटाचा नकार, मेंदूची नोंद

प्रतिनिधी

'मला हे नको,' असे म्हणून ताट बाजूला सारणारे मूल जवळपास प्रत्येक घरात असते. घरातील मोठ्यांचे उत्तरही ठरलेले असते. 'नखरे करू नकोस, पानातले मुकाट्याने संपव.' बहुतेक वेळा मोठ्यांचे म्हणणे खरेही असते. मुलाला भाजी आवडत नाही आणि त्याला दुसरे काहीतरी हवे असते, इतकाच त्या नकाराचा अर्थ असतो. मात्र काही मुलांचा आणि काही मोठ्या माणसांचाही नकार निराळा असतो. विशिष्ट पदार्थाचा घास तोंडात गेला की त्यांना मळमळू लागते, पोटात कालवते, जीव घाबरा होतो आणि पुढे त्या पदार्थाच्या नुसत्या वासानेही ते दूर सरतात. हा हट्ट आहे, मनाचा खेळ आहे की शरीराने दिलेला इशारा, या प्रश्नाचे उत्तर आजवर वडीलधाऱ्यांच्या अनुभवावर किंवा डॉक्टरांच्या अंदाजावर सोपवलेले होते. गेल्या काही वर्षांतील संशोधनाने या उत्तराला प्रयोगशाळेचा आधार दिला आहे. अन्नाची अ‍ॅलर्जी ही केवळ त्वचेची वा आतड्याची तक्रार नसून ती मेंदूपर्यंत पोहोचते आणि माणसाच्या वागण्यात बदल घडवते, असे या संशोधनाचे सार आहे.

या निष्कर्षाचे महत्त्व केवळ शास्त्रज्ञांपुरते नाही. एकीकडे पोटाच्या खऱ्या तक्रारी 'तुम्ही फार विचार करता' या एका वाक्यात निकालात काढल्या जातात. दुसरीकडे 'तुम्हाला कोणते अन्न चालत नाही ते सांगतो' असे म्हणत शंभर-दोनशे पदार्थांची यादी छापून देणाऱ्या रक्तचाचण्यांचा बाजार शहरांत वाढतो आहे. या दोन्ही टोकांमध्ये सापडलेल्या रुग्णाला आतडे आणि मेंदू यांच्यातील हा संवाद नेमका काय आहे आणि काय नाही, हे कळणे गरजेचे आहे.

बोलीतले वैद्यक

मराठी माणसाला पोट आणि मन यांचे नाते नव्याने सांगावे लागत नाही. परीक्षेच्या आधी पोटात गोळा येतो, वाईट बातमी ऐकून पोटात धस्स होते, आठवणीने पोटात कालवते. तसेच 'मला वांगे बाधते', 'कोळंबी सोसत नाही', 'अंगावर पित्त उठले' हे शब्दप्रयोगही रोजचे आहेत. अंगावर गांधी उठल्या की आमसुलाचे पाणी लावण्याचा उपाय आजही अनेक घरांत केला जातो. या बोलीत एक अडचण मात्र आहे. बाधणे, न सोसणे, न पचणे आणि अ‍ॅलर्जी असणे या चार निराळ्या गोष्टी ती एकाच पारड्यात टाकते.

दुधाचे उदाहरण घेतले तर फरक स्पष्ट होईल. दूध प्यायल्यावर ज्यांचे पोट फुगते किंवा ज्यांना जुलाब होतात, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या आतड्यात दुधातील साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर कमी असते. हा पचनाचा प्रश्न झाला. त्याचा त्रास होतो, पण जिवाला धोका नसतो आणि अनेकांना दही किंवा ताक चालतेही. दुधाची अ‍ॅलर्जी ही संपूर्ण वेगळी बाब आहे. तेथे शरीराची प्रतिकारयंत्रणा दुधातील प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध हत्यार उपसते. अशा व्यक्तीला अगदी थोड्या दुधानेही गांधी, उलट्या, धाप आणि क्वचित प्राणघातक धक्का बसू शकतो. आतडे आणि मेंदू यांच्यातील ज्या संवादाविषयी येथे लिहायचे आहे, त्याचा मुख्य संबंध या दुसऱ्या प्रकाराशी आहे.

शतकभराचा मागोवा

या अतिरेकी प्रतिक्रियेचा शास्त्रीय इतिहास सव्वाशे वर्षांचा आहे. फ्रान्समधील शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे समुद्री जिवांच्या विषावर काम करीत होते. त्या विषाची पहिली मात्रा सहन केलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी आणखी छोटी मात्रा दिली असता तो काही मिनिटांतच दगावला. विषाची सवय होऊन संरक्षण मिळेल, या अपेक्षेच्या नेमके उलट घडले होते. १९०२ मध्ये त्यांनी या प्रकाराला 'अ‍ॅनाफिलॅक्सिस' हे नाव दिले आणि १९१३ मध्ये रिशे यांना नोबेल पारितोषिक मिळाले. 'अ‍ॅलर्जी' हा शब्द १९०६ मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी रूढ केला.

१९२१ मध्ये जर्मनीतील कार्ल प्राउस्निट्झ यांनी एक धाडसी प्रयोग केला. त्यांचे सहकारी हाइन्झ क्युस्टनर यांना शिजवलेल्या माशांची अ‍ॅलर्जी होती. क्युस्टनर यांच्या रक्तातील द्रव प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि नंतर त्याच जागी माशाचा अर्क दिला. त्वचेवर तत्काळ गांध उठली. अ‍ॅलर्जी रक्तातून एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेता येते, म्हणजे रक्तात काही तरी ठोस पदार्थ आहे, हे त्यातून सिद्ध झाले. तो पदार्थ कोणता, हे कळायला मात्र पुढची ४५ वर्षे जावी लागली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत किमिशिगे व तेरुको इशिझाका या दाम्पत्याने आणि स्वीडनमध्ये गुन्नार योहान्सन व हान्स बेनिश यांनी स्वतंत्रपणे त्याचा छडा लावला. 'आयजीई' या नावाचे ते प्रतिपिंड होय.

आयजीई एकटे काम करीत नाही. त्वचा, श्वासनलिका आणि आतड्याचे अस्तर यांत 'मास्ट पेशी' नावाच्या पेशी पहाऱ्यावर असल्यासारख्या बसलेल्या असतात. पॉल एर्लिच यांनी १८७० च्या दशकात त्यांचे वर्णन करून त्यांना हे नाव दिले होते. आयजीई या पेशींच्या पृष्ठभागाला चिकटून राहते. ओळखीचे प्रथिन समोर आले की पेशी फुटल्यागत आपल्या पोतडीतील हिस्टामाइनसारखी रसायने बाहेर फेकते आणि ल्युकोट्राइन नावाची आणखी काही द्रव्ये नव्याने तयार करते. गांधी, सूज, उलटी, जुलाब, धाप ही सारी त्याचीच फळे.

येथपर्यंतची कहाणी पाठ्यपुस्तकांत आहे. तिच्यात मेंदू कोठेच नव्हता. अ‍ॅलर्जीच्या तीव्र झटक्यात अनेक रुग्णांना 'आता आपले काही खरे नाही' अशी मृत्यूची छाया जाणवते आणि डॉक्टरही हे लक्षण म्हणून नोंदवतात. तरीही त्याकडे घाबरलेल्या माणसाची स्वाभाविक भावना म्हणूनच पाहण्याची रीत होती.

उंदरांनी नाकारलेली बाटली

मेंदूचा या कहाणीतील प्रवेश उंदरांच्या प्रयोगांतून झाला. एखाद्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी निर्माण केलेले उंदीर ते प्रथिन असलेले पाणी टाळतात, हे ब्राझीलमधील शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकातच पाहिले होते. २००३ मध्ये साओ पावलो विद्यापीठातील गटाने अशा उंदरांच्या मेंदूतील भीती आणि ताणाशी निगडित भाग सक्रिय होत असल्याचे दाखवले. पण हा निरोप पोटातून वर कोण पाठवतो, हे स्पष्ट झाले नव्हते.

जुलै २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दोन शोधनिबंध पाठोपाठ प्रसिद्ध झाले. एक अमेरिकेतील येल विद्यापीठातील रुस्लान मेडझिटोव्ह यांच्या प्रयोगशाळेचा होता आणि त्याच्या प्रमुख संशोधक एस्थर फ्लोरशाइम होत्या. दुसरा जर्मनीतील हायडेलबर्गच्या कर्करोग संशोधन केंद्रातील हान्स-रायमर रोडेवाल्ड यांच्या गटाचा होता. दोन्ही गटांच्या प्रयोगांची मूळ कल्पना साधी होती. पिंजऱ्यात दोन बाटल्या ठेवायच्या. एकीत अंड्याच्या पांढऱ्या बलकातील प्रथिन मिसळलेले द्रव्य आणि दुसरीत त्याविना. साध्या उंदरांनी प्रथिनाची बाटली आवडीने जवळ केली. ज्यांच्यात त्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी आधीच निर्माण केली होती, त्यांनी मात्र ती बाटली टाळली.

यानंतरचा टप्पा महत्त्वाचा ठरला. ज्या उंदरांमध्ये आयजीई किंवा मास्ट पेशी नव्हत्या, त्यांच्यात हे टाळणे दिसले नाही. याचा अर्थ असा की, उंदराला तो पदार्थ नकोसा वाटण्याचे कारण चवीत नव्हते. त्याच्या प्रतिकारयंत्रणेने मागचा अनुभव लक्षात ठेवला होता आणि त्या स्मृतीवरून मेंदूने वागणे बदलले होते. येल गटाच्या निरीक्षणानुसार आतड्यात अ‍ॅलर्जीचा दाह दिसू लागण्यापूर्वीच उंदीर तो पदार्थ टाळू लागतात. जर्मन गटाने त्याची दुसरी बाजू दाखवली. टाळल्यामुळे जठर आणि लहान आतड्यातील दाह टळतो. दुखापत झाल्यावर येणारी ही पळवाट नसून दुखापत होऊ नये म्हणून वाजणारी घंटा आहे, असा या दोन निरीक्षणांचा एकत्रित अर्थ निघतो.

निरोप जातो कसा?

आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचे स्वतंत्र जाळे असते. त्यांची संख्या कोट्यवधींच्या घरात आहे आणि म्हणूनच त्याला 'दुसरा मेंदू' म्हणण्याची प्रथा पडली आहे. हे जाळे बरेचसे काम स्वतःच उरकते. मेंदूशी त्याचा संपर्क मुख्यत्वे व्हेगस नावाच्या लांब मज्जातंतूतून होतो. या तंतूतील बहुसंख्य धागे पोटातील खबर मेंदूकडे नेणारे असतात, मेंदूचे हुकूम खाली आणणारे धागे तुलनेने थोडे. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होते, हेही आता सर्वश्रुत आहे. मात्र ते रक्तातून थेट मेंदूत शिरत नाही. ते आतड्याजवळच्या मज्जातंतूंना उद्दीपित करते आणि पुढचा निरोप ते तंतू नेतात. 'आतड्यातले सेरोटोनिन वाढवा आणि आनंदी राहा' या जाहिरातबाजीत नेमकी हीच गोष्ट वगळलेली असते.

अ‍ॅलर्जीच्या बाबतीत मास्ट पेशी ही या टपालसेवेची पहिली कचेरी आहे. येल गटाने अ‍ॅलर्जी असलेल्या उंदरांच्या मेंदूची पाहणी केली तेव्हा तीन ठिकाणी हालचाल वाढलेली दिसली. पहिले ठिकाण मेंदूच्या देठात आहे आणि व्हेगसचे निरोप तेथे उतरतात. दुसरे 'पॅराब्रेकियल' नावाचे केंद्र, जे वेदना, मळमळ अशा त्रासदायक संवेदनांची वर्दी पुढे देते. तिसरे 'अमिग्डाला', जे भीती आणि धोक्याची आठवण यांच्याशी जोडलेले आहे.

निरोप नेणारी रसायनेही काही अंशी समजली आहेत. मास्ट पेशींतून निघणारी ल्युकोट्राइन रोखली की उंदरांचे टाळणे कमी झाले. येल गटाला 'जीडीएफ-१५' नावाच्या आणखी एका प्रथिनाचा सहभाग आढळला. हे प्रथिन वैद्यकविश्वाला अन्य कारणाने परिचित आहे. गरोदरपणातील तीव्र उलट्यांशी त्याचा संबंध असल्याचे २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. त्याचा ग्राहक मेंदूच्या देठात, उलटीची भावना निर्माण करणाऱ्या भागात असतो. अ‍ॅलर्जी आणि मळमळ यांच्यात नाते का असावे, याचे उत्तर येथे हाती लागते.

तथापि, हे चित्र एका तारेने जोडलेल्या दोन टोकांइतके सरळ नाही. जर्मन गटाने व्हेगसचे धागे कापून पाहिले, निरनिराळी रसायने अडवून पाहिली. तरी कोणताही एक मार्ग बंद करून टाळणे पूर्णपणे थांबले नाही. म्हणजे रक्तातून, मज्जातंतूंतून आणि बहुधा दोहोंच्या मिलाफातून निरोप जातो. उंदरांच्या दोन जातींमध्येही या वागण्यात मोठा फरक दिसला. सर्वांची अ‍ॅलर्जी सारखी नसते आणि सर्वांचा मेंदूही ती सारख्या गांभीर्याने घेत नाही, हा त्यातील धडा आहे.

या शोधामुळे एक जुना वादही नव्याने उघडला. अ‍ॅलर्जी ही प्रतिकारयंत्रणेची निव्वळ चूक आहे की तिचे काही प्रयोजन आहे? अमेरिकेतील मार्जी प्रोफेट यांनी १९९१ मध्ये, अ‍ॅलर्जी ही विषांपासून बचाव करण्यासाठी उत्क्रांत झालेली यंत्रणा असावी, असा तर्क मांडला होता. त्या वेळी तो फारसा कोणी मनावर घेतला नाही. २०१३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी मधमाशीच्या विषावर केलेल्या प्रयोगांत विषाविरुद्धच्या या प्रकारच्या प्रतिसादामुळे उंदरांचा पुढील घातक मात्रेपासून बचाव होतो, असे दाखवले. एकदा त्रास दिलेल्या पदार्थापासून पुढच्या वेळी दूर ठेवणे, हा बचावाचा सर्वांत स्वस्त मार्ग. शेंगदाणा किंवा दूध यांसारख्या निरुपद्रवी अन्नाबाबत ही घंटा वाजते, तेव्हा यंत्रणा खरी असते आणि तिने ओळखलेला शत्रू खोटा.

'सगळे रिपोर्ट नॉर्मल'

ज्यांना अ‍ॅलर्जीचे स्पष्ट निदान झालेले नाही, अशा मोठ्या वर्गाशी या विषयाचा संबंध आणणारे संशोधन बेल्जियममधील लुव्हेन विद्यापीठात झाले. 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम', अर्थात आयबीएस, ही शहरी दवाखान्यांतील नेहमीची तक्रार आहे. जेवण झाले की पोट दुखते, फुगते, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठता. सोनोग्राफी, एंडोस्कोपी, रक्ततपासणी यांत काही निघत नाही. 'सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत' हे वाक्य ऐकून रुग्ण आनंदी होण्याऐवजी खचतो, कारण त्याचे दुखणे तसेच असते आणि आता त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, ही भीती वाढलेली असते.

२००४ मध्ये इटलीतील बोलोन्या विद्यापीठाच्या जिओव्हानी बार्बारा यांच्या गटाने अशा रुग्णांच्या मोठ्या आतड्याचे नमुने तपासले. मज्जातंतूंच्या अगदी जवळ असलेल्या मास्ट पेशींचे प्रमाण आणि रुग्णाच्या पोटदुखीची तीव्रता यांत मेळ असल्याचे त्यांना दिसले. जानेवारी २०२१ मध्ये लुव्हेनच्या गी बोक्सस्टान्स यांच्या गटाने त्यापुढचे पाऊल टाकले. आतड्याला जंतुसंसर्ग झालेला असताना उंदरांना जे प्रथिन खायला दिले, त्याच्याविरुद्ध आतड्यात स्थानिक आयजीई तयार झाले. संसर्ग बरा झाल्यानंतरही ते प्रथिन पुन्हा पोटात गेले की मास्ट पेशी हिस्टामाइन सोडत आणि वेदनेचे तंतू हळवे होत. रक्ताच्या नेहमीच्या चाचणीत या अ‍ॅलर्जीचा पत्ता लागत नाही, कारण तिचा वावर आतड्याच्या भिंतीपुरता असतो.

याच संशोधनात १२ आयबीएस रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरात गहू, ग्लुटेन, सोया आणि दूध यांचे अर्क टोचण्यात आले. सर्व १२ जणांत किमान एका पदार्थाला स्थानिक प्रतिक्रिया दिसली. निरोगी आठ जणांपैकी दोघांतच ती आढळली. संख्या लहान आहे आणि एवढ्यावरून आयबीएसचे सारे रुग्ण अ‍ॅलर्जीचे रुग्ण ठरत नाहीत. परंतु पटकीसदृश जुलाब, विषमज्वर, दूषित पाण्याचे आजार यांतून उठल्यानंतर 'तेव्हापासून माझे पोट पूर्वीसारखे राहिले नाही' असे सांगणाऱ्या माणसाचे म्हणणे खरे असू शकते, याला येथे जैविक आधार मिळतो. त्याला वेडगळ ठरवण्याचा अधिकार आता कोणाला राहिलेला नाही.

बाजाराची घाई

अशा संशोधनाची बातमी आली की तिचा सर्वांत आधी लाभ घेते ती बाजारपेठ. पोट बिघडले की मेंदू बिघडतो, म्हणून थकवा, चिडचिड, नैराश्य, मुलांचा चंचलपणा, अगदी स्वमग्नता या सर्वांच्या मागे 'लपलेली फूड अ‍ॅलर्जी' असल्याचा प्रचार सुरू आहे. त्यासाठी 'आयजीजी' नावाच्या प्रतिपिंडाची चाचणी विकली जाते आणि हाती लांबलचक यादी दिली जाते. येथे एका अक्षराचा फरक फार मोलाचा आहे. आयजीई हे अ‍ॅलर्जीचे प्रतिपिंड. आयजीजी हे आपण नेहमी खातो त्या अन्नाविरुद्ध निरोगी माणसातही सापडते. त्यावरून अन्न चालत नाही, असा निष्कर्ष काढू नये, अशी स्पष्ट भूमिका युरोपातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच घेतली. स्वमग्न मुलांना गहू आणि दूध बंद केल्याने फायदा होतो, या दाव्यालाही पुरेसा आधार नाही. अशा बंदीमुळे वाढीच्या वयात प्रथिने आणि कॅल्शियम कमी पडण्याचा धोका मात्र खरा आहे.

खुद्द आयजीईची चाचणीही एकटी पुरेशी नसते. युरोपीय महासंघाच्या अर्थसाह्याने झालेल्या 'युरोप्रिव्हॉल' प्रकल्पात कर्नाटकातील प्रौढांची पाहणी करण्यात आली होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, सुमारे २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्धचे आयजीई आढळले. पण लक्षणे आणि चाचणी यांचा मेळ बसून संभाव्य अ‍ॅलर्जी ठरली ती केवळ १.२ टक्के लोकांत. रक्तात प्रतिपिंड असणे आणि तो पदार्थ बाधणे यांत केवढे अंतर आहे, हे यावरून लक्षात यावे. केवळ कागदावरील आकडा पाहून घरातून अंडी, दूध, शेंगदाणे हद्दपार करणाऱ्यांनी हे दोन आकडे ध्यानात ठेवले पाहिजेत.

भीतीही शिकवली जाते

संवाद दुहेरी असतो. आतडे मेंदूला कळवते, तसा मेंदूही आतड्याला कळवतो. अमेरिकेतील लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी १८३३ मध्येच, पोटात बंदुकीच्या जखमेने कायमचे छिद्र राहिलेल्या रुग्णाचे निरीक्षण करून, राग आणि चिडचिड यांचा पचनावर परिणाम होतो, हे लिहून ठेवले आहे. अमुक पदार्थाने त्रास होणारच, अशी खात्री बसली की त्या पदार्थाविनाही त्रास होऊ शकतो. म्हणूनच १९७६ मध्ये चार्ल्स मे यांनी अ‍ॅलर्जीच्या निदानासाठी अशी पद्धत आणली की, रुग्णाला आणि डॉक्टरलाही समोरच्या वाटीत संशयित पदार्थ आहे की नाही, हे ठाऊक नसावे. आजही निदानाची सर्वांत विश्वासार्ह कसोटी हीच आहे. ती रुग्णालयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायची असते.

अति सावधगिरीची किंमत पाश्चात्त्य देशांनी मोजली आहे. २००० मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने अ‍ॅलर्जीची शक्यता असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये, असा सल्ला दिला. पुढे २००८ मध्ये तो मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी एक तुलना प्रसिद्ध झाली. ब्रिटनमधील ज्यू मुलांत शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचे प्रमाण १.८५ टक्के होते, तर तान्हेपणापासून शेंगदाण्याचा खाऊ खाणाऱ्या इस्रायली मुलांत ०.१७ टक्के. त्यावरून लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील गिडिअन लॅक यांनी ६४० बाळांवर चाचणी घेतली. २०१५ मधील तिच्या निष्कर्षांनुसार, लहानपणापासून शेंगदाणा खाणाऱ्या गटात पाच वर्षांच्या वयात ३.२ टक्के मुलांना अ‍ॅलर्जी होती. टाळणाऱ्या गटात १७.२ टक्के. आतड्याला ओळख करून दिली की ते सहसा स्वीकारते. ज्या महाराष्ट्रात साबुदाण्याच्या खिचडीपासून भरल्या वांग्यापर्यंत शेंगदाण्याचे कूट सर्वत्र असते, तेथील बाळांना ही ओळख बहुधा आपोआपच होत असावी.

अर्थात ज्याला अ‍ॅलर्जी आहे, त्याच्यासाठी हे कूटच संकट असते. उपवासाच्या पदार्थात ते आहे का, कोशिंबिरीत आहे का, तेल कोणते वापरले, हे विचारताना त्याला संकोच वाटतो. 'इतक्याशाने काय होतंय' हे यजमानाचे उत्तर ठरलेले असते. सतत दक्ष राहावे लागणाऱ्या अशा कुटुंबांत चिंतेचे प्रमाण अधिक असते. तीही आतडे-मेंदू संवादाची एक बाजूच म्हणायला हवी.

काय करावे?

उपचारांच्या आघाडीवर काही आशादायक घडामोडी आहेत. आयजीईला बांधून ठेवणारे 'ओमालिझुमॅब' हे औषध फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी मंजूर झाले. चुकून पोटात गेलेल्या अल्प मात्रेचा धोका ते कमी करते. पदार्थ मनसोक्त खाण्याची मुभा देत नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत, खाण्यातून येणाऱ्या तीव्र झटक्यामागे आतड्यातील ल्युकोट्राइनचा मोठा हात असल्याचे दिसले. ती रोखणारी औषधे दम्यासाठी आधीपासून वापरात असल्याने हा मार्ग माणसांत उपयोगी पडतो का, याकडे लक्ष आहे.

आपल्याकडे नियम अगदीच नाहीत, असे नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार पाकीटबंद पदार्थांवर ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व अक्रोड-काजूसारखी कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक सल्फाइट यांचा उल्लेख करणे बंधनकारक आहे. परंतु आपले बरेचसे खाणे पाकिटाबाहेरचे असते. लग्नाच्या पंगतीत, खाणावळीत, वडापावच्या गाडीवर लेबल कोठून येणार? तेथे विचारणाऱ्याला नीट उत्तर मिळणे, एवढाच नियम उरतो.

शाळा आणि घर यांची जबाबदारी म्हणूनच मोठी आहे. एकच पदार्थ वारंवार नाकारणारे मूल त्याच पदार्थानंतर ओठ सुजणे, घसा खाजणे, गांधी, उलटी अशी तक्रार करीत असेल, तर बळजबरी थांबवून अ‍ॅलर्जीतज्ज्ञाला दाखवावे. नुसत्या नावडीसाठी मात्र आहार कापू नये. लहानपणी दूध वा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या अनेक मुलांची ती वयानुसार ओसरते. तेव्हा ठरावीक काळाने डॉक्टरांकडून फेरतपासणी करून घ्यावी. खाल्ल्यानंतर धाप लागली, आवाज बसला, भोवळ आली किंवा एकाएकी काही तरी भयंकर होणार असे वाटू लागले, तर तो तातडीचा प्रसंग समजावा. अशा वेळी मांडीत दिले जाणारे अ‍ॅड्रिनलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार असतो. घरातील अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट पाहत बसणे महागात पडू शकते.

एवढ्या संशोधनानंतरही रुग्णाच्या हाती पडणारी गोष्ट साधी आहे. पोटाचे म्हणणे मेंदूपर्यंत पोहोचते, हे आता सिद्ध होत आहे. ते घरातल्या माणसांपर्यंत आणि दवाखान्यातील टेबलाच्या पलीकडे पोहोचायला हवे. पानातला घास नाकारणाऱ्याला पुढच्या वेळी रागावण्याआधी एकच प्रश्न विचारावा, 'खाल्ल्यावर तुला नेमके काय होते?' त्याचे उत्तर शांतपणे ऐकले, तर निम्मे निदान तेथेच होते.